स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांशी संवाद

दिवेलागणीची वेळ झाली की ऐंशीच्या घरातील एक आजी आपली लुगडी जुन्या धडप्यात बांधतात, गाठोडे काखेत मारतात आणि उंबऱ्याकडे निघतात. "मला घरी जायचंय," एवढेच त्यांचे म्हणणे असते. सून सांगते, "आत्या, हेच आपलं घर. साठ वर्षं झाली तुम्हाला इथं येऊन." नातू भिंतीवरची आजोबांची तसबीर दाखवतो. आजी अधिकच चिडतात, रडू लागतात, क्वचित हातही उगारतात. गलका ऐकून शेजारी जमतात. कोणी म्हणते, सून नीट वागवत नसेल. कोणी म्हणते, म्हातारचळ लागला. कोणी बाहेरची बाधा म्हणून देवऋषाचे नाव सुचवतो.

या तिन्ही निदानांत तथ्य नसते. आजींना स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार झालेला असतो, आणि तो आजार म्हणून कोणी ओळखलेला नसतो. 'साठी बुद्धी नाठी' या म्हणीने आपल्याकडे मोठे नुकसान केले आहे. वय झाले की बुद्धी जायचीच, असे एकदा गृहीत धरले की डॉक्टरकडे नेण्याचे कारण उरत नाही आणि वागण्याची पद्धत बदलण्याचेही कारण उरत नाही. वास्तविक बहुसंख्य माणसे ऐंशी-नव्वदीतही आपले व्यवहार नीट सांभाळतात. किल्ली कोठे ठेवली हे विसरणे वयाला धरून आहे; किल्लीचे काय करायचे असते हेच न कळणे हा आजार होय.

या आजाराचा विस्तार लहान नाही. जगात साडेपाच कोटींहून अधिक लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतातील वृद्धांच्या देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, साठ वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना तो जडलेला आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात त्याचे प्रमाण अधिक आढळले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठीपुढील लोकांचा वाटा सुमारे दहा टक्के होता. त्या हिशेबाने दोन हजार वस्तीच्या गावात अशी पंधरा-एक माणसे असावीत. ग्रामपंचायतीच्या दप्तरात ती दिसत नाहीत, याचे कारण ती घराच्या आतल्या खोलीत असतात.

रोजकीर्द बंद, खतावणी शाबूत

स्मृतिभ्रंश हे एकाच रोगाचे नाव नव्हे. मेंदूतील पेशी निरनिराळ्या कारणांनी निकामी होत गेल्यामुळे स्मरण, भाषा, दिशा व काळाचे भान आणि निर्णयशक्ती यांचा जो क्रमाक्रमाने ऱ्हास होतो, त्याला दिलेले ते सामान्य नाव आहे. यांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांत त्याच्या मुळाशी अल्झायमरचा आजार असतो. रक्तदाब, मधुमेह व पक्षाघात यांमुळे मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून होणारा प्रकारही बराच आढळतो. आणखी एका प्रकारात नसलेली मुले किंवा जनावरे घरात फिरताना दिसतात. दुसऱ्या एकात स्मरण बरे असते, पण स्वभावच पालटतो आणि आयुष्यभर भिडस्त असलेला माणूस चारचौघांत वाटेल ते बोलू लागतो.

अल्झायमरच्या आजारात सर्वसाधारणपणे प्रथम बाधा होते ती मेंदूच्या नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाला. दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर रोजकीर्द लिहिणे बंद पडते, पण जुनी खतावणी बराच काळ शाबूत राहते. सकाळी कोण आले होते, जेवण झाले की नाही, याची नोंदच होत नाही. माहेरच्या विहिरीवरचा रहाट मात्र स्पष्ट दिसतो. म्हणून आजी 'घरी' जाऊ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनातील घर हे पुष्कळदा साठ वर्षांपूर्वीचे असते. आजार वाढला की खतावणीची पानेही शेवटाकडून गळू लागतात. नातवंडांची नावे आधी जातात, मुलांची नंतर, आणि भावंडांची बहुधा सर्वांत शेवटी.

या आजाराची पहिली सविस्तर नोंद १९०१ सालची आहे. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयात डॉ. आलोइस अल्झायमर यांनी आउगुस्टे नावाच्या ५१ वर्षांच्या स्त्रीला एकामागून एक प्रश्न विचारले आणि तिची उत्तरे लिहून ठेवली. तिने आपले नाव बरोबर सांगितले. पतीचे नाव विचारल्यावर पुन्हा स्वतःचेच सांगितले. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करून त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. वैद्यकाला अशी प्रश्नोत्तरे आवश्यकच होती. घरातल्या माणसांनी मात्र ती दररोज घ्यावीत याला कारण नाही. दुर्दैवाने होते ते नेमके तसेच.

आधी तपासणी

बोलण्याच्या पद्धतीकडे वळण्यापूर्वी वैद्यकीय तपासणीचा उल्लेख करणे जरूर आहे. विस्मरणाची काही कारणे औषधाने पूर्णतः वा अंशतः दूर होण्यासारखी असतात. थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, खोल औदासीन्य, पडल्यामुळे कवटीच्या आत साचलेले रक्त, काही झोपेच्या व इतर गोळ्यांचा परिणाम ही त्यांपैकी प्रमुख होत. शाकाहारी कुटुंबांतील वृद्धांत बी-१२ ची उणीव पुष्कळ आढळते व ती रक्ताच्या साध्या चाचणीने कळते.

एक भेद तर प्रत्येकाला ठाऊक असला पाहिजे. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढतो. कालपर्यंत बरा असलेला माणूस आज एकाएकी बरळू लागला, गुंगीत गेला किंवा बेभान झाला, तर तो बहुधा मूत्रमार्गाचा वा फुप्फुसाचा संसर्ग, शरीरातील पाण्याची तूट, औषधाची बाधा अथवा पक्षाघात असतो. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. "म्हातारपण आहे, चालायचंच" असे म्हणून दोन दिवस वाट पाहण्यात जीव गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

खऱ्या स्मृतिभ्रंशावर आजमितीस पूर्ण उतारा नाही. डोनेपेझिल, मेमँटिन यांसारख्या औषधांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य होतात. २०२३ मध्ये अमेरिकेत संपूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध अगदी प्रारंभीच्या अवस्थेतच आणि कडक देखरेखीखाली द्यावे लागते. ते रोगाची गती थोडी मंदावते, रोग हटवीत नाही. तेव्हा प्रत्यक्षात बरेचसे ओझे पडते ते माणसांच्या वागण्यावर.

घटना जाते, भावना राहते

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अल्झायमरच्या रुग्णांना त्यांनी दुःखद आणि नंतर आनंददायक चित्रपटांतील काही भाग दाखवले. थोड्याच वेळात रुग्णांना आपण काय पाहिले याची फारशी आठवण उरली नाही, परंतु मनावर उमटलेले दुःख किंवा आनंद मात्र त्यानंतरही टिकून होता. या निष्कर्षाचा व्यवहारातील अर्थ मोठा आहे. सकाळी कोणी खेकसले तर आजी ते खेकसणे विसरतात, पण दुपारी त्या कारणाशिवाय कष्टी बसलेल्या दिसतात. कोणी हात हातात घेऊन दोन घटका बोलले, तर तो पाहुणा विसरला जातो आणि त्याने आणलेला निवांतपणा राहतो. "काय उपयोग बोलून, पाच मिनिटांत विसरतात," हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही.

ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठाचे टॉम किटवुड यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याच दिशेने विचार मांडला होता. रुग्णाला घाई करणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलणे, त्याला लहान मूल समजणे, त्याच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष करणे या गोष्टी कोणी वाईट हेतूने करीत नाही. तरीही मेंदूच्या रोगाइतकाच त्यांचा भार रुग्णावर पडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आपल्याकडे या यादीत एका खास सवयीची भर घालावी लागेल. पाहुणा दारात आला की त्याचा पहिला प्रश्न असतो, "मला ओळखलंत का?" आजी गोंधळतात. "बघा बरं, आठवा! मागच्या दिवाळीला कोण आलं होतं?" घरातील मंडळीही त्या खेळात सामील होतात, कारण ओळखले तर सर्वांनाच बरे वाटते. न ओळखल्यास मात्र एक प्रौढ व्यक्ती चारचौघांत परीक्षेत नापास होते, आणि हे दर पाहुण्यागणिक घडते. काही दिवसांनी आजी पाहुणा आला की भिंतीकडे तोंड करून निजतात. पाहुण्याने आल्या आल्या "मी तुमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, पंढरपुराहून आलो," असे आपणहून सांगितले तर हे सर्व टळते. शिक्षकांच्या अंगी प्रश्न विचारण्याची सवय मुरलेली असते. त्यांनी ती येथे विशेष आवरावी.

बोलावे कसे

पाठीमागून हाक मारू नये. समोर यावे आणि रुग्ण बसलेला असेल तर आपणही बसावे, म्हणजे चेहरा चेहऱ्यासमोर येतो. दूरदर्शन संच बंद करावा. चष्मा पुसलेला आहे ना आणि ऐकू येते ना, हे पाहावे. कानातील मळ काढल्यावर निम्मा 'स्मृतिभ्रंश' कमी झाल्यासारखे वाटण्याचे प्रसंग येतात. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. "उठा, तोंड धुवा, कपडे बदला, डॉक्टरकडे जायचंय" यातले पहिले वा शेवटचे तेवढे पोचते. उत्तरासाठी थांबावे. मनातल्या मनात दहापर्यंत अंक मोजावेत, इतके थांबावे. निरोगी माणसाला ही शांतता असह्य वाटते, म्हणून तो प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारतो; रुग्णाला मात्र तो दुसराच प्रश्न वाटतो आणि पहिल्याचे जुळवत आणलेले उत्तर मोडते.

"जेवायला काय करू?" या प्रश्नाला उत्तर शोधावे लागते. "भाकरी देऊ की भात?" याला निवडावे लागते. ताटात दोन्ही दाखवले तर नुसते बोट पुरते. निवड करण्याचा अधिकार शेवटपर्यंत जपायचा आणि त्याचा आकार फक्त लहान करत जायचा, असे हे तत्त्व आहे.

मराठीत तू, तुम्ही आणि आपण यांतील अंतर फार बोलके आहे. आयुष्यभर ज्यांना 'गुरुजी' म्हटले गेले त्यांना आजारपणात परिचारक, शेजारी आणि कधी घरचेही एकेरी हाक मारू लागतात किंवा 'बाळा' म्हणून चुचकारतात. शब्द न कळण्याच्या अवस्थेतही स्वर आणि मान कळतो. 'गुरुजी' अशी हाक आली की वाकलेली पाठ थोडी ताठ होते, हे अनेक घरांनी पाहिलेले आहे. स्त्रियांच्या बाबतीत माहेरच्या नावाचा असाच उपयोग होतो. लग्नात नाव बदललेल्या वृद्धेला सासरचे नाव परके वाटू लागते, पण माहेरचे नाव घेताच ती वळून पाहते.

आता त्या दिवेलागणीकडे वळू. सायंकाळी अस्वस्थता वाढणे हे या आजाराचे सुपरिचित लक्षण आहे. उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, दिवसभराचा थकवा असतो. "हेच तुमचं घर" हे विधान सत्य असले तरी आजींच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. त्या पत्ता विचारीत नसतात. जेथे भय वाटत नाही अशी जागा त्या शोधत असतात. सुनेने गाठोडे हातातून हिसकावून न घेता "कोण कोण आहे घरी? आई वाट बघत असतील का?" असे विचारले, तर आजी माहेरच्या ओसरीविषयी, गोठ्याविषयी बोलू लागतात. बोलता बोलता अंगणातून एक फेरी होते, वडाच्या पारापर्यंत जाऊन परत येता येते. घरात दिवे अंधार पडण्यापूर्वीच लावलेले असावेत. त्याच वेळी हाताला काही काम असले, समईच्या वाती वळायच्या असल्या, तर गाठोडे बांधायचे राहूनही जाते. रोज जमेल असे नाही; काही संध्याकाळी कशाचाच उपयोग होत नाही.

याहून अवघड प्रश्न मृत माणसांविषयीचा. "आई कुठे आहे?" असे आजी विचारतात. "ती जाऊन चाळीस वर्षं झाली," असे उत्तर दिले तर आजींच्या लेखी आई त्या क्षणी वारते, आणि सायंकाळी पुन्हा विचारल्यावर पुन्हा वारते. "आई बाजाराला गेलीय" असे सांगावे काय? याविषयी जाणत्यांत एकमत नाही. खोटे सांगितल्याने क्षणभर समाधान होते, परंतु आजारात अधूनमधून लख्ख भानाचे क्षण येतात व तेव्हा विश्वासाला तडा जातो. मध्यम मार्ग असा की, बातमीही देऊ नये आणि बनावही करू नये. "आईची आठवण येते का? त्या काय करायच्या सणाला?" या प्रश्नांत दुःखाला वाट मिळते. प्रारंभीच्या अवस्थेतील रुग्णाने थेट विचारले तर मात्र त्याला सौम्य शब्दांत खरे सांगावे. तो त्याचा हक्क आहे.

भाषेविषयी एक गोष्ट सीमाभागात आणि आदिवासी भागात काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. उशिरा शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते. अक्कलकोट किंवा जत तालुक्यात कन्नड घरातून आलेली सून पन्नास वर्षे मराठी बोलते आणि म्हातारपणी एकाएकी कन्नडवर येते. नातवंडांना वाटते, आजी बडबडते आहे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी यांबाबत असे होऊ शकते. ती भाषा जाणणारा शेजारी किंवा आरोग्यसेविका मिळाली की 'असंबद्ध' ठरलेल्या बोलण्यात सरळ मागणी सापडते, तहान लागल्याची किंवा पोट दुखत असल्याची. बहुभाषिकतेचा एक लाभही नोंदलेला आहे: हैदराबाद येथील ६४८ रुग्णांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे आढळले, आणि हे निरक्षरांनाही लागू होते.

शब्द आटत गेले तरी तालात बांधलेले शब्द टिकतात. हरिपाठ, आरत्या, जात्यावरच्या ओव्या, शाळेत घोकलेले पावकी-निमकीचे पाढे यांपैकी काहीतरी बहुतेकांच्या कंठात शिल्लक असते. हाताच्या कामांचेही तसेच. शेंगा फोडणे, तांदूळ निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे हात आपणहून करतात. घडी वाकडी झाली म्हणून ती रुग्णाच्या समोर मोडून पुन्हा घालू नये, एवढे पथ्य पाळावे.

"माझी बोरमाळ सुनेने चोरली"

या आजाराइतकी गावात भांडणे लावणारी दुसरी व्याधी विरळा. वृद्धा आपली बोरमाळ किंवा पैशांचा बटवा सुरक्षित म्हणून पीठाच्या डब्यात ठेवते. ठेवल्याची नोंद मेंदूत होत नाही. वस्तू जागेवर नाही हे मात्र कळते, आणि मन त्या रिकाम्या जागी जवळचे स्पष्टीकरण घालते, ते चोरीचे. आरोप सहसा जी व्यक्ती दिवसभर जवळ असते तिच्यावरच येतो. म्हणजे सेवा करणाऱ्या सुनेवर. परगावी असलेली लेक फोनवर हे ऐकते, भाऊबंद जमतात आणि पुढे वाटणीपर्यंत गोष्ट जाते. सरपंच किंवा पोलीस पाटील यांच्यापुढे अशी तक्रार आली तर वृद्धेला खोटे पाडू नये आणि सुनेला दोषीही धरू नये. "चला, आपण मिळून शोधू," हे शब्द येथे सर्वांत उपयोगी पडतात. नेहमीच्या लपवण्याच्या जागा घरच्यांनी हेरून ठेवाव्यात; बटवा तसाच दुसरा मिळत असेल तर आणून ठेवावा.

नसलेली माणसे दिसणे, रात्री-अपरात्री ओरडणे, कपड्यांचे भान न राहणे यांवरून वृद्धेला भूतबाधा ठरवून मारहाण किंवा अघोरी उपचार होण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमान्वये असे प्रकार हा गुन्हा आहे, आणि तो रोखण्याची जबाबदारी गावातील जाणत्या माणसांवर प्रथम येते.

वाट चुकल्यावर

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या २०१३ च्या मराठी चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेले एक संस्कृत पंडित रस्त्यातून जाणाऱ्या हत्तीमागोमाग निघून जातात. डॉ. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली आहे. माहुताची निरक्षर बायको त्यांना प्रश्न न विचारता जेवू घालते, मायेने सांभाळते. या भूमिकेबद्दल अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्मृतिभ्रंशाच्या सेवेचे शिक्षण देण्यासाठी हा चित्रपट ग्रामसभेत दाखवण्याजोगा आहे.

प्रत्यक्षात वृद्ध बहुधा कोठेतरी 'जायला' निघतात: जुन्या शेतावर, विकलेल्या विहिरीवर, निवृत्तीपूर्वीच्या शाळेकडे. म्हणून शोध त्या वाटेनेच सुरू करावा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्य परिवहनच्या गाड्यांतून विनामूल्य प्रवास करता येतो. ही सवलत फार मोलाची असली तरी वाट चुकलेली व्यक्ती तिकिटाच्या पैशांअभावी आता थांबत नाही आणि दोन तासांत परजिल्ह्यात पोचू शकते. वाहकाने अशा प्रवाशाला "कुठं उतरायचं?" असे विचारल्यावर उत्तर जुळले नाही, तर पुढच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकाच्या स्वाधीन करावे. चोवीस तास उलटल्याशिवाय पोलिसांत तक्रार घेतली जात नाही, ही समजूत निराधार आहे. ११२ वर त्वरित कळवावे. अलीकडचे छायाचित्र जवळ असावे आणि सदऱ्याच्या किंवा लुगड्याच्या आतील बाजूस दूरध्वनी क्रमांक शिवलेला असावा. घरात कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे. आग लागली तर तीच खोली सापळा ठरते.

कचेरीत आणि बँकेत

निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला खिडकीपुढे उभे करून "नाव काय? मोठ्याने बोला!" असे विचारले की तोंडून शब्द फुटत नाही आणि मागची रांग कुजबुजू लागते. कर्मचाऱ्याने प्रथम वृद्धाकडे पाहून नमस्कार करावा, बसायला द्यावे, आणि माहिती सोबतच्या नातेवाइकाकडून घ्यावी. यासाठी कोणत्याही नव्या शासननिर्णयाची आवश्यकता नाही.

जमिनीच्या बाबतीत याहून अधिक दक्षता हवी. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, खरेदीखत यांवर अंगठा उठवून घेण्यासाठी वृद्धाला रिक्षात घालून आणले जाते. भारतीय करार अधिनियम, १८७२ अन्वये करार करतेवेळी त्याचा अर्थ समजून आपल्या हिताचा विचार करण्याची क्षमता असणे आवश्यक आहे. पुष्कळ कुटुंबांची अशी समजूत असते की, मुखत्यारपत्र एकदा करून घेतले म्हणजे पुढची चिंता नाही. मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की त्याच कायद्यानुसार मुखत्याराचा अधिकारही संपतो. त्यानंतरच्या व्यवहारांसाठी पालक नेमून घ्यावयाचा झाल्यास उच्च न्यायालयाकडे जावे लागते. घटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली न्यायालयांनी असे पालक नेमलेले आहेत. तेव्हा मृत्युपत्र, बँकेतील नामनिर्देशन वगैरे गोष्टी निदान झाल्याबरोबर, समज शाबूत असतानाच वृद्धाच्या स्वतःच्या इच्छेने उरकाव्यात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार पुढे आपल्यावर कोणते उपचार व्हावेत याचे आगाऊ निर्देश लिहून ठेवता येतात आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो.

काळजी घेईन या अटीवर लिहून घेतलेली मालमत्ता आणि नंतर टाकून दिलेले आई-वडील, अशी प्रकरणे २००७ च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणविषयक अधिनियमाखाली न्यायाधिकरणापुढे नेता येतात. असे हस्तांतरण रद्द होऊ शकते. वृद्धाला सोडून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कारावासास पात्र असा गुन्हा आहे.

सेवा करणाऱ्याची सेवा

कायद्याच्या अंगाने पाहताना घरातील दुसरे माणूस नजरेआड होते. स्मृतिभ्रंशाची सेवा वर्षानुवर्षे चालते आणि ती बहुतांशी पत्नी, सून किंवा लेक यांच्या वाट्याला येते. रात्रीची झोप मोडते, सण-समारंभ तुटतात, मजुरी बुडते. एक दिवस ती खेकसते आणि मग रात्रभर स्वतःला दोष देत जागते. तिला "किती पुण्य लागतंय तुला" असे सांगण्यापेक्षा "दोन तास मी बसते, तू लग्नाला जाऊन ये," असे म्हणणारी शेजारीण अधिक गरजेची असते. बचत गट, भजनी मंडळ, निवृत्त शिक्षक यांनी आठवड्यातून अशा दोन दुपारी वाटून घेणे अशक्य नाही. मनमोकळे बोलण्यासाठी व सल्ल्यासाठी १०ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली मानस' या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतून बोलता येते; ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही स्वतंत्र मदतवाहिनी आहे.

शेवटच्या अवस्थेत बोलणे जवळजवळ थांबते. माणूस अंथरुणाला खिळतो, गिळणे अवघड होते. वेदना सांगता येत नाही, ती कपाळावरच्या आठीवरून, आवळलेल्या मुठीवरून, कुशीवर वळवताना निघणाऱ्या कण्हण्यावरून ओळखावी लागते. या अवस्थेतही अंग पुसण्यापूर्वी "आत्या, आता पाठ पुसते हं," असे सांगून हात लावावा. न सांगता पडलेला हात दचकवतो. भरवताना पाठीला आधार देऊन ताठ बसवावे, घास लहान व मऊसर असावा, आणि पहिला घास गिळला गेल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये.